दुसरी ल्यूसील

गोल्फ रोडच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला, आणि नेमकं तेव्हाच मार्क म्हणाला, "याचं नावही ईशानच ठेवू या." जाता जाता पिझ्झा घेऊ या, असं म्हणावं तितक्या सहज आवाजात. गाडी मी चालवत होते. पाय ब्रेकवरून निघेना. मागच्यानं एकदा हॉर्न दिला, मग जरा लांब दिला, आणि मला काही केल्या आठवेना की हिरव्या दिव्याला काय करायचं असतं. मी मार्ककडे पाहिलं. तो समोर बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. म्हणजे हे वाक्य सहज आलेलं नव्हतं, बरेच दिवस तोंडात घोळवून आज बाहेर काढलेलं होतं. ईशान आमचा पहिला मुलगा. दोन वर्षांपूर्वी तो हॉस्पिटलमध्येच गेला, घरी आलाच नाही. आणि 'याचं' म्हणजे माझ्या पोटातल्या, सातवा महिना लागलेल्या या दुसऱ्याचं. मी कशीबशी गाडी पुढे काढली, गाद्यांच्या दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये नेऊन उभी केली आणि मार्कला म्हटलं, तू चालव. दुकानाच्या काचेत मोठी पाटी होती, झोपेची हमी देणारी. ती मी दोनदा वाचली.

घरी पोचेपर्यंत मार्क समजावत राहिला. त्याचं म्हणणं असं की हे काही त्याच्या डोक्यातून निघालेलं नाही, त्याच्या लोकांत पद्धतच होती. त्याचे लोक म्हणजे बेनॉइट. मूळचे बेनवा, इलिनॉयच्या जिभेवर त्यांचं बेनॉइट झालं. क्वेबेकचे फ्रेंच शेतकरी, दीडशे वर्षांपूर्वी शिकागोच्या दक्षिणेला कँकाकीच्या बाजूला आले आणि मका लावून बसले. माझी सासू कॅरोल शाळेच्या लायब्ररीतून रिटायर झाल्यापासून या लोकांच्या मागे हात धुऊन लागली आहे. ती स्वतः पोलिश घरातली, नवरा जाऊन सात-आठ वर्षं झाली, पण सासरच्या पूर्वजांचा तिला असा लळा लागलाय की सख्ख्यांचा लागला नसता. सुरुवातीला मलाही मजा यायची. त्या लोकांत प्रत्येक मुलाचा बाप्तिस्मा जोसेफ म्हणून व्हायचा आणि प्रत्येक मुलीचा मेरी म्हणून. त्यापुढे धर्मपित्याचं एखादं नाव आणि शेवटी रोजच्या हाकेचं. एका घरात सहा सख्खे भाऊ आणि सहाही जोसेफ. आडनावांचा तर आनंदच. एक भाऊ बेनवा, तर दुसऱ्यानं कुठल्या तरी खापरपणजोबाचं सैन्यातलं टोपणनावच आडनाव म्हणून उचललेलं. कॅरोल चक्रावली होती. मी तिला म्हटलं, यात काय एवढं, आमच्याकडे एक भाऊ कुलकर्णी राहतो आणि दुसरा गावाच्या नावाला कर लावून मोकळा होतो. त्या दिवशी ती माझ्यावर भलतीच खूष झाली. माझं स्वतःचं नाव आश्लेषा, आणि या नक्षत्रावरची मुलगी सासूच्या मुळावर येते असं आमच्याकडे म्हणतात, हे मी तिला सांगितलं तेव्हा तर ती खुर्चीतून पडायची राहिली होती.

मग तिला तो ओनेसिम सापडला. मार्कच्या खापरपणजोबाच्या बापाचं नाव ओनेसिम. कॅरोलनं त्याचा जन्म शोधून काढला आणि महिनाभर त्यावर इमले बांधले, आणि मग कळलं की तो ओनेसिम वेगळाच, चालायला लागण्याआधीच गेलेला. त्याच्यानंतर त्याच आईबापांना झालेला दुसराही ओनेसिम. तोही गेला. तिसरा ओनेसिम जगला, आणि मार्क त्या तिसऱ्याचा. कॅरोलनं एका मेलेल्या बाळाला महिनाभर बारा मुलांचा बाप करून ठेवलं होतं. आमच्या घरी जेवताना तिनं ही चूक स्वतःच हसत हसत सांगितली, नवशिके सगळे इथेच फसतात म्हणाली, कारण मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायचं अशी रीतच होती त्यांची. मी वाढत होते. माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. मार्क मात्र पुढे झुकून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलेलं होतं, आणि मला वाटलं होतं, शेतकऱ्याच्या पोराला आपली मुळं सापडली म्हणून असेल. आता गाडीत कळलं की तो त्याच दिवसापासून हे मनात घेऊन बसला होता. "इट्स नॉट मॉर्बिड, आश," तो म्हणत होता. "त्यांच्यासाठी ते प्रेम होतं. नाव वाया जाऊ द्यायचं नाही." मी खिडकीबाहेर बघत होते आणि माझ्या डोक्यात तो दुसरा ओनेसिम घोळत होता. पहिल्याचं नाव दिलं आणि तोही गेला. तिसऱ्या वेळी पुन्हा तेच नाव घेऊन चर्चच्या दारात उभं राहायला त्या आईची छाती कशी झाली असेल. की झालीच नसेल.

ईशानचं नाव आम्ही घाईत ठेवलं. आमच्याकडे बारसं बाराव्या दिवशी, आणि तोवर बाळ आपलं बाळच. सोन्या म्हणा, छकुल्या म्हणा, पण नाव नाही. आईनं फोनवर बजावून सांगितलं होतं, बारशाआधी नाव उच्चारू नकोस, मनात ठरवलंस तरी ओठांवर आणू नकोस. हे सगळं मी इंजिनियरच्या कानांनी ऐकलं आणि सोडून दिलं. हॉस्पिटलमध्ये तर ते शक्यही नव्हतं. त्याच्या हृदयाचा एक भाग नीट झालेला नव्हता. तो काचेच्या पेटीत होता, आणि पेटीवर बेबी बॉय बेनॉइट एवढंच लिहिलेलं होतं. एक नर्स होती, फार मायेची, ती म्हणाली की आम्हाला याच्याशी नावानं बोलायला आवडेल. मार्कनं माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, ईशान. मीच म्हटलं. पेटीवर नाव लागलं, निळ्या शाईत, त्याशेजारी कुणीतरी छोटा हत्ती काढला. त्यानंतर तो बारशापर्यंतही पोचला नाही. आईनं फोनवर नुसतं विचारलं, "नाव ठेवलं होतंत?" आणि मी हो म्हटल्यावर ती गप्प बसली. कितीही शिकले तरी ती गप्प बसलेली मला अजून ऐकू येते. मी काही अडाणी नाही. हृदयाचा झडपेशी संबंध असतो, नावाशी नसतो, हे मला कुणी सांगायला नको. पण दिवसा जे ठाऊक असतं ते पोटाला ठाऊक नसतं, आणि मी गेले सात महिने पोटानंच विचार करते आहे.

आणि आमच्या घराण्यातही हे भय काही नवीन नाही. माझ्या बाबांचं नाव मनोहर, पण नागपूरला त्यांच्या पिढीतलं कुणी त्यांना मनोहर म्हणत नाही. दगडू म्हणतात. त्यांच्याआधी आजीची दोन मुलं गेली होती, म्हणून तिसऱ्याला दगडू. यमानं येऊन पाहिलं तर त्याला वाटावं, दगड आहे, कशाला उचला. बाबांनी लहानपणी नवा सदरा घातला तर आजी त्यावर शाईचा ठिपका पाडायची. वर्गात पहिले आले तरी घरात कुणी शाबास म्हणायचं नाही, उलट आजी मोठ्यानं म्हणायची, याच्यात काय मेलं आहे. हे सगळं बाबा गंमत म्हणून सांगतात आणि आम्ही हसतो. एकदाच, रिटायरमेंटच्या कार्यक्रमात कुणीतरी त्यांच्याबद्दल चार शब्द चांगले बोललं, तर हा माणूस मान खाली घालून खुर्चीचा हात नखानं कुरतडत राहिला, आणि घरी आल्यावर त्याला थंडी वाजून आली. बाबांच्या आईनं मरणाला चकवायला मुलाचं नाव मातीत घातलं. मार्कच्या पणजीच्या पणजीनं तेच नाव पुन्हा पुढे केलं, घे, बघू किती वेळा नेतोस. दोघींपैकी शहाणी कोण, हे मी त्या आठवड्यात सारखी ठरवत होते. मुलाचं नाव दगडू बेनॉइट ठेवावं असंही एकदा मनात आलं, आणि मी ऑफिसच्या पायऱ्यांवर एकटीच हसले, आणि हसता हसता कठडा घट्ट धरला.

कारण भीती आता कुठेही गाठायची. मी इन्शुरन्सच्या क्लेमचं सॉफ्टवेअर तपासते. दिवसभर स्क्रीनवर खोटी माणसं तयार करायची, त्यांना खोटे आजार द्यायचे आणि पैसे बरोबर निघतात का पाहायचं. त्या आठवड्यात टेस्टसाठी लहान मूल तयार करायची वेळ आली की माझी बोटं थांबायची. नावाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहायचा. पोटातला हालला की वाटायचं, कशाला हालतोय, आणि हालला नाही की हात गार पडायचे. डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे. हृदयाचे चारही कप्पे स्क्रीनवर मला दाखवले, छान उघडत-मिटत होते. पण मन चिंती ते वैरी न चिंती. माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधल्या हिमानीला, ती पुण्याची, मी कॅफेटेरियात हे नावाचं सांगितलं. ती चमचा तोंडात धरून थांबली आणि म्हणाली, "यार, आय मीन, एका दृष्टीनं स्वीट आहे ना? पण तू कम्फर्टेबल नसशील तर सरळ नो म्हण. त्यात काय." त्यात काय, हेच तर मला सांगता येत नव्हतं. नाही म्हणणं सोपं होतं. पण मार्क लगेच विचारणार, मग काय ठेवायचं? हिमानीनं तिथल्या तिथे फोनवर मुलांच्या नावांची साइट काढली आणि वाचायला लागली. तिसऱ्या की चौथ्या नावाला मी तिचा फोन पालथा घातला. ती जरा दुखावली.

कॅरोलच्या मते प्रश्न अगदी साधा होता. तिनं मार्ककडून सगळं ऐकलं आणि मला फोन केला. म्हणाली, आपल्या घरात अशी व्यक्ती आजही आहे, तिलाच भेट की. मार्कच्या आजोबांची धाकटी बहीण, आंट ल्यूसील. ब्याण्णव पूर्ण. तिच्याआधीची ल्यूसील दोन वर्षांची होऊन गेली, मग ही झाली आणि हिलाही तेच नाव. आणि बघ, सगळ्यांत जास्त हीच जगली. कॅरोल हे पुरावा म्हणून सांगत होती, खणखणीत आवाजात. मी हो म्हटलं. मला त्या बाईला भेटायचं नव्हतं, पण न भेटता तिच्याबद्दल विचार करत राहणं त्याहून वाईट होतं. रविवारी आम्ही तिघं निघालो. ऑक्टोबर अर्धा सरला होता. आमच्या शॉमबर्गची दुकानं, टोल, पूल सगळं मागे पडलं, आणि दोन्हीकडे मका, काही उभा, वाळून पिवळा पडलेला, काही कापून नेलेला. कॅरोल पुढच्या सीटवरून दाखवत होती, इथपासून तिथपर्यंत सगळं कधीकाळी बेनॉइटांचं होतं, या चर्चमध्ये सगळे जोसेफ न्हाले, सगळ्या मेरी त्या बाजूला पुरल्या आहेत. मी मागे बसले होते. रस्ता इतका सरळ की वळण येईल म्हणून अंग सावरून बसावं आणि वळण येऊच नये. अशा सपाट जागी माणूस लपणार कुठे, असं मला वाटत राहिलं. एखादं मशीन शेतात धूळ उडवत जात होतं आणि त्यामागे काहीच उरत नव्हतं.

ल्यूसील खुर्चीत बसलेली होती, वृद्धाश्रमाच्या खोलीत, खिडकीशी. मी काय कल्पना केली होती देव जाणे; समोर एक रुंद हाडांची बाई होती, पुरुषासारखे हात, आणि त्या हातांत टीव्हीचा रिमोट. तिनं मार्कचा गाल ओढला, कॅरोलला म्हणाली की काल यांनी सूप म्हणून गरम पाणी दिलं, जाऊन जरा त्यांना दम दे, आणि मार्कलाही सोबत पाठवला. दार लोटलं गेलं. मग तिनं टीव्ही बंद केला. ती बोलली ते इंग्रजीतच, त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या आखूड इंग्रजीत, पण मला ते आता आठवतं ते मराठीत, आणि ती नागपूरच्या एखाद्या काकूसारखी समोर बसलेली दिसते.

"बस," ती म्हणाली. "कॅरोलनं फोनवर सांगितलंय मला. मी नमुना आहे ना?"

मी बसले. तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं, गाभण गाय पाहावी तसं, अनुभवानं. मग सांगायला लागली. ती जानेवारीत जन्मली, सकाळी, आणि दुपारी तिला घसरगाडीत घालून चर्चला नेलं. बर्फ असो की काही असो, त्याच दिवशी न्यायचं, कारण मूल नावाशिवाय गेलं तर त्याला कुठेच जागा नाही अशी त्यांची समजूत. मी ऐकत होते. आमच्याकडे जगेल की नाही कळेपर्यंत नाव ठेवायचं नाही, आणि यांच्याकडे जगणार नाही म्हणून घाईनं ठेवायचं. किती बाळं त्या वाटेवरच गारठली असतील कोण जाणे, ती म्हणाली, पण नाव घेऊन गारठली. आई बरोबर जात नसे, ती बाळंतिणीच्या खाटेवर. बाळाला हातात धरायची ती धर्ममाता, आणि पाद्रीनं नाव विचारलं की सांगायचीही तीच. ल्यूसीलच्या वेळी ती धर्ममाता म्हणजे तिच्या वडिलांची बहीण होती. आत्या. हा शब्द माझ्या मनात इतका जोरात उमटला की मी खुर्चीवर सरळ झाले. आमच्याकडेही नाव बाळाच्या कानात सांगते ती आत्याच.

"आईनं तेरेझ सांगून पाठवलं होतं," ल्यूसील म्हणाली. "आत्यानं तिथे जाऊन ल्यूसील सांगितलं. तिला वाटलं, भावाला नि भावजयीला बरं वाटेल. घरी येऊन मला आईच्या कुशीत ठेवलं आणि म्हणाली, घे, तुझी ल्यूसील परत आणली. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं."

बाहेर कुणीतरी चाकांची खुर्ची ढकलत नेत होतं. मी विचारलं, मग त्या तुम्हाला काय म्हणायच्या?

"काहीच नाही. अगं, ए, इकडे ये. बाप ल्यूसील म्हणायचा, भाऊ म्हणायचे, शाळेत म्हणायचे. आईच्या तोंडून मी ते नाव कधी ऐकलं नाही. संध्याकाळी ती दारात उभी राहून आम्हाला जेवायला हाका मारायची. आर्मां, फ्लोरा, रेने, आणि मग गप्प व्हायची. ती गप्प झाली की मला कळायचं, मला बोलावलं. मी त्या गप्प होण्याला धावत जायचे."

हे तिनं अगदी कोरडं सांगितलं, गाईंची नावं सांगावीत तसं. मला मात्र रडू यायला लागलं आणि ते थांबवायचं कसं कळेना. तिनं टिश्यूचा डबा माझ्याकडे ढकलला. म्हणाली की आईनं तिला कधी मारलं नाही. बाकीच्यांना चांगली झोडायची. तिला ताप आला की आई गोठ्यात जाऊन बसायची, उशाशी थोरली बहीण. लहानपणी तिला वाटायचं की आपण काहीतरी भयंकर केलंय आणि कुणी सांगत नाही. मी डोळे पुसत म्हटलं की म्हणजे नावच चुकलं. त्यावर ती चिडली, खरोखरच चिडली.

"नावाला काय धाड भरली आहे? चांगलं नाव आहे. ब्याण्णव वर्षं वापरलंय मी. तेरेझ असते तरी ती गोठ्यातच जाऊन बसली असती. तिला भीती वाटायची. मला हात लावायची, माझ्याकडे बघायची, माझं काहीही आपलं म्हणायची भीती. मेली तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते, धडधाकट, दोन नातवंडं मला. तरी तिची भीती गेली नव्हती." ती जरा दम घेऊन थांबली. मग एकदम विचारलं, "तू काय म्हणतेस त्याला? मनातल्या मनात?"

मी उत्तर शोधायला मनात गेले आणि तिथे काहीच नव्हतं. हा. तो. दुसरा. पोटातला. सात महिने मी ज्याच्यासाठी जिने जपून उतरले, चहा सोडला, कुशी बदलून झोपले, त्याला मी एकदाही कशानंही हाक मारली नव्हती. सोन्यादेखील नाही. आई म्हणते तसं बारशापर्यंत बाळ आपलं बाळच, पण मी तर बाळही म्हटलं नव्हतं. बारशाच्या नावाखाली मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. "काहीच नाही," मी म्हटलं. ल्यूसील नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं की आता खोलीत जी शांतता आहे ती तिच्या चांगली ओळखीची आहे. मला भयंकर भीती वाटली, ईशान गेला त्या दिवशीही वाटली नव्हती अशी. कारण यात मरणाचा प्रश्नच नव्हता. हा जगेल, मोठा होईल, आणि मी त्याच्या उशाशी नसेन. मी दारात उभी राहून गप्प होईन आणि तो शहाण्यासारखा धावत येईल. तेवढ्यात कॅरोल सूपचा वाडगा घेऊन विजयी चेहऱ्यानं आत आली आणि ल्यूसीलनं टीव्ही लावला.

कॅरोल तिला भरवत बसली. मी मार्कला खुणेनं बाहेर बोलावलं. पार्किंगच्या कडेला शेतच लागत होतं, कापलेल्या मक्याचे खुंट ओळीनं उभे होते, आणि वारा इतका की बोलताना अंग वळवून उभं राहावं लागत होतं. मी त्याला म्हटलं की मला हे नाव याला द्यायचं नाही, आणि तो लगेच ओके म्हणाला, फारच लगेच. मग बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. मी विचारलं, खरं सांग, तुला कशासाठी हवं होतं ते? पूर्वजांचं मला सांगू नकोस.

"मला घरात त्या नावानं हाक मारायची होती," शेवटी तो म्हणाला. "हॉस्पिटलमध्ये आपण कुजबुजत म्हणायचो ना. एकदाही मोठ्यानं नाही. आणि नंतर तू ते नाव घेतलंच नाहीस, मग मीही घेतलं नाही. मला वाटलं, असं केलं तर घेता येईल."

मी त्या माणसाकडे बघत राहिले. दोन वर्षं मी समजत होते की तो विसरला. बरं केलं विसरला, एक तरी विसरला. तो मात्र माझ्या गप्प बसण्याभोवती दबक्या पावलांनी वावरत होता, मुलाचं नाव तोंडात धरून. मी तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. "ईशान," मी म्हटलं. वाऱ्यात ते मलाच नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, जरा जास्तच मोठ्यानं. तिकडे गाडीत पिशव्या ठेवणाऱ्या बाईनं वळून पाहिलं. "ईशान ईशानच राहील. त्याला त्याच्याच नावानं हाक मारू. घरात, मोठ्यानं. मी पण मारीन." मार्कनं चेहरा बाहीत खुपसला. त्याचे खांदे हालत होते. मी त्याची पाठ चोळली आणि तशीच चोळता चोळता म्हणून गेले, "आणि हा अमेय."

हे नाव कुठून आलं मला ठाऊक नाही. आमच्या घरात अमेय कुणी नव्हता, जिवंत नाही, गेलेला नाही, आणि बेनॉइटांच्या सगळ्या जोसेफांत तर असणं शक्यच नव्हतं. मार्कनं मान वर केली. "अमेया," तो म्हणाला. मी म्हटलं, या नाही, अमेय. त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं, जिभेवर घोळवत, आणि तिसऱ्या खेपेला त्याला ते बरोबर आलं. बारसं दूर राहिलं, मूल अजून जन्मलंही नव्हतं, आणि मी उघड्या शेताच्या कडेला, भर दुपारी, त्याचं नाव जगजाहीर केलं होतं. आईला कळलं तर ती फोनवर गप्प बसेल. मला वाटलं होतं की आता हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट दात वाजायला लागले. इतके दिवस मला भीती वाटत होती ती पुन्हा तेच होईल याची. आता अमेयला काही होईल, याची वाटायला लागली. अमेयचं हृदय, त्याचे चार कप्पे. अमेयला ताप. अमेय बर्फावरून सायकल दामटतोय. अमेय सोळा वर्षांचा होऊन या सरळ रस्त्यावर गाडी सुसाट सोडतोय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण हा राक्षस आता माझ्या मागे नव्हता, पुढे होता, सगळ्या आयुष्याएवढा लांबलचक. मार्कनं विचारलं, काय होतंय? "भीती वाटतेय," मी म्हटलं. हे मी कुणाजवळही पहिल्यांदाच बोलत होते. त्यानं त्याचं जाकीट काढून माझ्या खांद्यांवर टाकलं आणि म्हणाला की त्यालाही वाटतेय.

परतताना अंधारून आलं होतं. कॅरोल पुढे बसून सुपावरून कुणाला कसं फैलावर घेतलं ते सांगत होती, मार्क गाडी चालवत होता. मागच्या सीटवर मी पोटावर दोन्ही हात ठेवून बसले होते. आत तो हालत होता, मग थांबला, मग बराच वेळ हाललाच नाही. मी हळूच म्हटलं, अमेय. ए अमेय. कॅरोलनं मागे वळून पाहिलं आणि ती बोलायची थांबली. मी थांबले नाही. मका संपला, पूल आले, टोल आला, शॉमबर्गचे दिवे लागले, आणि घर येईपर्यंत मी त्याला नावानं हाका मारत राहिले. गप्प व्हायची माझी हिंमत होत नव्हती.